कोरे नाक

हे मी आजवर कोणासही सांगितलेले नाही. बायकोला नाही, देवालाही नाही, आणि देवाला तर मी पुष्कळ काही सांगत असतो. आज सांगणार आहे. पुरते सांगणार आहे. मध्ये थांबवू नका. थांबवलेत तर मी वाक्ये सजवू लागेन, आणि वाक्ये सजवणे हाच माझा धंदा आहे.

तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. मी अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंत — नववीसुद्धा पुरती नाही — परंतु फुलंब्रीपासून करमाडपर्यंतची माणसे माझ्याकडून दरखास्ती लिहून नेतात, आणि पदवीधर कारकून माझा मजकूर वाचून मान डोलावतात. मला ‘मुन्शीजी’ म्हणतात. गल्लीत तंटा झाला, पत्रिका छापायची झाली, की शेवटचा शब्द माझा. हे बढाई म्हणून सांगत नाही. — नाही, बढाई म्हणूनच सांगतो आहे. शब्द माझा असे, आणि लोक त्यावर विसंबून राहत, हे तुम्हांस ठाऊक असणे जरूर आहे.

आता मुद्दा. मला वास येत नाही.

कधीपासून, ते नक्की सांगता यायचे नाही. तपकिरीने नाक गेले, की एका तापात गेले, कोण जाणे. एकदा घरात दूध करपून धूर झाला आणि मी शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, तेव्हा कळले. बायकोला म्हणालो, विचारात होतो. त्यानंतर मी वारंवार विचारात राहू लागलो. जेवताना इतरांचे चेहरे पाहून ‘वा, काय फोडणी बसली आहे’ म्हणायचे, कोणी अत्तराचा फाया दिला की डोळे मिटायचे, हे सारे शिकलो. यात लपवण्यासारखे काय होते? काहीच नाही. पण मुन्शीजींना अमुक एक गोष्ट येत नाही, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना.

आमच्या भिंतीला भिंत लागून सुमनवहिनींचे घर. त्यांचा सिलिंडर मागच्या बोळीत असे, आणि भिंतीतून तांब्याची नळी स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत नेलेली. एके दिवशी फळी ठोकताना खिळा त्या नळीत गेला. वहिनींनी सिलिंडर बंद केला आणि रऊफभाईला बोलावून घेतले. आमच्या भागातल्या शेगड्या आणि गॅसच्या नळ्या तोच दुरुस्त करी. हात चांगला, जीभ त्याहून तिखट. भर रस्त्यात मला म्हणे, “मुन्शीजी, तुमचा पेन लई गळतो. त्याची पण लाइन बदलून देऊ का?” मला तो आवडत नसे. हेही सांगून टाकतो.

त्याने भोक पडलेला तुकडा कापला, नवा जोडला, सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा आला नाही. पण भिंतीच्या पोटात गेलेल्या नळीला फेस कसा लावणार? तिच्यासाठी त्याची एक रीत होती. तो म्हणे, तासभर गॅसमध्ये काम केले की आपले नाक मरते. घरातल्या माणसांचेही मरते. म्हणून सिलिंडर चालू करून, खिडक्या-दारे लावून, तो सगळ्यांना बाहेर काढी, आणि थोड्या वेळाने गल्लीतले कोणीतरी आत पाठवी — जे सकाळपासून त्या घरात गेलेलेच नाही. त्याला तो ‘कोरं नाक’ म्हणे. बहुधा एखाद्या बाईलाच बोलावी. बायकांचे नाक खोटे बोलत नाही, असे त्याचे म्हणणे.

त्या दिवशीही तो समोरच्या घरातल्या म्हातारीला हाक मारणार होता. मी कचेरीतून येत होतो. “अहो, मी आहे ना,” मी म्हणालो.

का म्हणालो? कोणी विचारलेही नव्हते. दहा माणसे उभी होती, आणि काहीतरी ठरवायचे होते, आणि ते माझ्यावाचून ठरणार होते — एवढेच कारण. दुसरे शोधून पाहिले, सापडत नाही.

मी आत गेलो. दार ओढून घेतले. शेगडीजवळ वाकलो, भिंतीजवळ वाकलो, छाती भरून श्वास घेतला. मला काय येणार? मला तर तिथे मेलेले जनावर असते तरी कळले नसते. मी बाहेर आलो आणि जाहीर केले, “कसलाही वास नाही. निर्धास्त असा.”

सुमनवहिनी बोळीतून आत डोकावल्या. म्हणाल्या, “भाऊ, मला जरासा येतोय हो.”

रऊफभाई उठून उभा राहिला. “पक्कं सांगा, मुन्शीजी. वास असंल तर मी भिंत फोडतो. अब्बी फोडतो.”

तेव्हा — त्याच क्षणी — सांगता आले असते. मी काय केले? मी हसलो. “वहिनी, तुमचं नाक सकाळपासून इथंच आहे. तुम्हांला गॅसचा नाय, भीतीचा वास येतोय.” सगळे हसले. वहिनीही हसल्या, लाजून. रऊफभाईने हत्यारे पिशवीत भरली.

संध्याकाळी घर बंद करून वहिनी बाजारात गेल्या, परत आल्या, काडी ओढली.

त्या वाचल्या. पण दोन्ही हात भाजले, मान एका बाजूने भाजली. आजही त्यांची बोटे पुरती उघडत नाहीत. त्या घरात भाकरी थापली जात नाही. जावेकडून येते, आणि वहिनी ती दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून ताटात ठेवतात. मी हे अनेकदा पाहिले आहे. पंगतीला असतो ना मी.

मागाहून भिंत फोडली. खिळ्याच्या धक्क्याने आतली नळी जुन्या वाकणापाशी चिरली होती. रऊफभाई माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, “मुन्शीजींनी वास घेतला होता.” सारी गल्ली माझ्याकडे पाहू लागली. मी घसा साफ केला आणि शुद्ध मराठीत सांगितले की, मी तपासणी केली त्या समयी वास नव्हता. सबब चीर त्यानंतर पडली असली पाहिजे, आणि ती काम करताना नळी ओढल्याने पडली असणे संभवते. ‘असणे संभवते’ — हे शब्द मी योजून वापरले. खोटे म्हणून पकडता येऊ नयेत असे. लोकांनी त्यातले ‘संभवते’ गाळले आणि बाकीचे ठेवले. लोकांची ही रीत मला ठाऊक होती. त्यावरच माझे पोट चालते.

रऊफभाईला त्या दिवसापासून आमच्या भागात कोणी दार उघडले नाही. एक-दोन घरांनी तर त्याने पूर्वी केलेले कामही दुसऱ्याकडून काढून टाकले. तो बिडकीनला गेला. मी त्याच्या नावाने कधी काही वाईट बोललो नाही. गरजच उरली नव्हती.

आणि आता जे सांगायचे ते सर्वांत जड आहे. दवाखान्यातून आल्यावर वहिनी बायकोला भेटायला म्हणून आमच्याकडे आल्या. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून मला म्हणाल्या, “भाऊ, मी चारचौघांत तुमच्या शब्दावर शंका घेतली. मनात ठेवू नका.” त्या माझी माफी मागत होत्या. आणि मी — मी ती दिली. “चालायचंच, वहिनी,” असे म्हणालो.

हे मी आयुष्यभर गिळून बसलो असतो. खरेच बसलो असतो. परंतु गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत पाइपचा गॅस यायचे ठरले. घरोघरच्या जोडणीचे काम ज्या ठेकेदाराकडे आहे त्याच्या हाताखाली रऊफभाई कामाला आहे, हे गल्लीला कळले. पुन्हा जुन्या भागात पाय ठेवायला मिळणार म्हणून तो खूश आहे, असेही कोणी सांगितले. मग चार जण माझ्याकडे आले. हा माणूस आमच्या घरांना हात लावणार नाही, असा अर्ज ठेकेदाराला द्यायचा आहे; सह्या सगळे करतील, मजकूर तुमचा पाहिजे. “असा झणझणीत लिहा की परत कुणी त्याला पाना पण धरू देऊ नये,” असे त्यांचे शब्द. वहिनींच्या दिराने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी होकार दिला. होय, तेव्हाही दिला. दोन वेळा कागद पुढे ओढला, आणि मजकूर इतका सहज येऊ लागला की माझी मलाच भीती वाटली.

तो अर्ज मी लिहिणार नाही.

उद्या सकाळी सह्यांसाठी गल्ली वहिनींच्या अंगणात जमणार आहे. रऊफभाईला मी बिडकीनला निरोप धाडला आहे. तो आला तर त्याच्यासमोर, न आला तर त्याच्या पाठीमागे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगणार आहे: नळी तेव्हाच गळत होती, वहिनींचे नाक बरोबर होते, रऊफभाई भिंत फोडायला तयार होता, आणि त्याला अडवणारा मी होतो, ज्याला वास येतच नाही. ‘संभवते’ म्हणणार नाही. त्यानंतर हे टेबल राहते की जाते, गल्लीत कोणी मला मुन्शीजी म्हणते की आणखी काही, ते त्यांचे त्यांनी पाहावे.

पण अंगणात जाण्याआधी वहिनींच्या दाराशी जाईन. त्यांना आधी कळले पाहिजे. त्यांनी ऐकून दार लावून घेतले, तर उरलेले मी दाराबाहेर उभा राहून सांगेन.