उतारावर लावलेली व्हॅन

त्या मेकॅनिकचं तोंड आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. त्याच्याहून जास्त राग मला माझाच येतो, पण ते पुढे सांगते.

आमची व्हॅन जुनी, डिझेलची. भाजीपाला बाजारात न्यायला म्हणून नवऱ्याने ती सेकंडहँड घेतली होती. त्यांना डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं तेव्हा स्टिअरिंग मी हातात घेतलं. आमच्या गावाहून तालुक्याला, गोरेगावला, जाणारी एसटी कॉलेज भरल्यावर पोचते, म्हणून मी मागे बाकडी बसवून घेतली आणि गावातल्या नऊ पोरींना सकाळी न्यायला, दुपारी आणायला लागले. त्यातली एक नेहमी दारापाशी बसायची. बारावीला होती, पुढे नर्सिंगला जायचं म्हणायची. तिच्या बापाने तिला बजावून ठेवलं होतं की गाडी आहे तोवर शिक. ती हे हसत हसत सांगायची, मी मात्र रोज निघण्याआधी गाडीचं पाणी-ऑइल पुन्हा बघायची.

दिवाळी झाली आणि गाडीने नखरे सुरू केले. सकाळी घरून निघताना अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायची, फक्त पुढच्या चाकापाशी डिझेलचा वास यायचा. दुपारी कॉलेजसमोर मात्र नुसती घरघर. धूरही निघायचा नाही. धूर नाही म्हणजे इंजिनात डिझेलच पोचत नाही, एवढं मलाही कळत होतं. पोरी उतरून ढकलायच्या. रिकामटेकडी माणसं टपरीवरून सल्ले द्यायची. एकजण म्हणाला, बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी गाडी गोंदियात एका गॅरेजला नेली. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलली, मग हीटर प्लग बदलले. फरक शून्य.

"घरी सुरू होते, कॉलेजसमोर होत नाही," मी त्याला तिसऱ्यांदा सांगितलं.

"भाभी, इंजन को क्या मालूम घर कौनसा है," तो म्हणाला आणि हसला. त्याची माणसंही हसली.

मग तो बॅटरी घेऊन... म्हणजे टॉर्च घेऊन खाली शिरला, डिझेलच्या पाइपांवरून फडकं फिरवलं आणि बाहेर आला. "लीकेज कहीं नहीं. एक बूंद नहीं. पंप गया आपका."

मी मान हलवली. हेच ते. माझ्यासारखी भांडकुदळ बाई, भाजीच्या वजनात जरा फरक पडला तर बाजार डोक्यावर घेणारी, तिथे गप्प मान हलवून आले. गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं स्वतःच ठरवून टाकलं.

त्याने पंप काढून नागपूरला पाठवला. मी रोज फोन करायची, तो रोज "आज आएगा" म्हणायचा. दहा दिवस गेले. तीन-चार पोरींना त्यांच्या बापांनी मोटरसायकलवर सोडलं, बाकीच्या घरी बसल्या. दारापाशी बसणारीही घरीच होती. एकदा विहिरीवर भेटली तर म्हणाली, "काकू, गाडी कधी येऊन राहिली?" मी म्हटलं, येईल, तू तोवर अभ्यास कर.

गाडी आली. गॅरेजचा माणूस अंगणात लावून गेला, तोंड घराकडे करून. आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं. आम्ही गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून लावतो, म्हणजे कधी अडलीच तर उतारावर सोडून सुरू करता येते. आमच्या भागात जुनी गाडी असलेला प्रत्येक माणूस अशीच लावतो. याने उलटी लावली, नाक वर. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, गाडी ढिम्म. फोन केला तर मेकॅनिक म्हणतो, अब इंजन खोलना पडेगा.

नवरा म्हणाला, "विकून टाकू भंगारात. कायले जीव जाळून राहिली?"

मी उठून शेतावर निघून गेले. घरात थांबले असते तर भांडी फुटली असती.

नहराला, म्हणजे कालव्याला, पाणी सुटलं होतं. आमचा बांध उंच, म्हणून पाणी बांधावरून घ्यायला आम्ही काळा पाइप वापरतो. पाइप पाण्याने भरायचा, दोन्ही तोंडं तळव्याने दाबायची, एक तोंड नहरात, एक शेतात सोडायचं. मग पाणी आपोआप ओढलं जातं. त्या दिवशी ओढतच नव्हतं. दोनदा भरला, दोन्ही वेळा पाणी दोन्हीकडे उतरून पाइप रिकामा. बाहेरून पाहिलं तर पाइप कोरडा, कुठे थेंब नाही. मी हात फिरवत गेले. बांधाच्या माथ्यावर पाइपाला उंदराने कुरतडलेलं बारीक भोक होतं. पुन्हा भरून सोडला आणि त्यावर तळवा ठेवला, तर तळवा आत ओढला गेला.

मला गाडीचा डिझेलचा पाइप आठवला. ओढणाऱ्या पाइपाला भोक पडलं तर पाणी गळत नाही, हवा आत जाते. हे मला तीस वर्षांपासून माहीत होतं.

तशीच चिखलाच्या पायांनी घरी आले. शेजाऱ्याची बॅटरी मागून आणली. डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि डिझेल ओढायचं वरचं बटण दाबत राहिले. आधी नुसता फेस आला. मग फिल्टरकडे येणाऱ्या रबरी पाइपावर बोट फिरवलं. क्लिपच्या खाली, डोळ्याला दिसणार नाही अशी चीर. टाकी मागे आणि खाली. गाडीचं नाक खाली असलं की डिझेल पुढे राहायचं, सपाटीवर किंवा चढावर उभी केली की चिरेतून हवा शिरून डिझेल टाकीत परत. म्हणून घरी सुरू, कॉलेजसमोर बंद. घरी पुढच्या चाकापाशी डिझेलचा वास यायचा तोही त्याचाच, आणि आम्ही टाकीचं झाकण हुंगत बसलो होतो. चीर पडलेला तुकडा कापून टाकला, उरलेला पाइप ओढून बसवला, क्लिप आवळली, हवा काढली. सुरू झाली. त्या रात्री गाडी मुद्दाम नाक वर करून ठेवली. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली.

हॉर्न वाजवत गावात निघाले. आठ पोरी बसल्या. नववं घर दारापाशी बसणारीचं. तिथे तिचा बाप उभा होता. ती त्याच्या मागे, कॉलेजच्या ड्रेसात, हातात दप्तर.

"वहिनी, तिले आता नाही पाठवत," तो म्हणाला. "पाहुणे येऊन गेले परवा. पोरगी घरीच होती, पाहून घेतली. पसंत आहे त्यांना."

"परीक्षा तोंडावर आली अन् तुम्ही काय करून राहिले?" माझा आवाज चढला. "गाडी नीट झाली ना आता."

"आज नीट झाली. उद्या बंद पडन. आम्ही कोणाच्या भरोशावर ठेवाव?"

मी रागाने चावी फिरवून इंजिन बंद केलं. त्यांची गल्ली चढाची आहे. म्हटलं, ती बसल्याशिवाय मी हलत नाही. पंधरा-वीस मिनिटं तशीच बसून राहिले. मग बापाने तिच्या हातातलं दप्तर घेतलं आणि ती आत गेली.

मी चावी फिरवली. त्या चढावर, नाक वर करून उभी असलेली गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, आणि त्या क्षणी मला ती पेटवून द्यावीशी वाटली.