संस्थेचा मोगरा

आमच्या साडूंइतका सोप्या कामाचा विचका करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. नेकनूरजवळच्या त्यांच्या गावातल्या दूध संस्थेचे ते अध्यक्ष. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं, पण यांच्या अंगातलं अध्यक्षपण काही उतरलं नाही. चहात साखर किती घालायची याचासुद्धा ते ठराव मांडतात आणि 'अनुमोदन' ऐकल्याशिवाय कपाला हात लावत नाहीत. आमची मेव्हणी बिचारी चुलीपुढूनच अनुमोदन देते.

तर या गृहस्थांनी संस्थेच्या दारातला मोगरा घरी आणायचं मनावर घेतलं. संस्थेचा पहिला कॅन भरला त्या दिवशी त्यांनीच तो लावलेला, आणि रोज कॅन विसळलेल्या पाण्यावर तो वाढलेला. आता कॅनच नाहीत म्हटल्यावर वाळायला लागला. "पाव्हणं, संस्थेचं येवढंच जितं राह्यलंय," ते मला म्हणाले, "हे गेलं की समदंच गेलं." बोलताना त्यांनी त्याचं एक वाळकं पान उचलून खिशात ठेवलं. मलाही वाईट वाटलं, पण माणसाला आपल्याबद्दल फार वेळ वाईट वाटू देतील तर ते आमचे साडू कसले!

दुसऱ्या कुणी दिवस कलल्यावर गुपचूप झाड काढून परसात लावलं असतं. यांनी भर दुपारी जुने संचालक गोळा केले. मोगरा खणून मुळांसकट टेबलावर ठेवला, शेजारी शाल आणि नारळ. मग ज्येष्ठ सभासदाचा सत्कार, सत्काराला उत्तर आणि शेवटी अध्यक्षीय भाषण. मुळांवरची माती सुकून टेबलावर गळत होती आणि हे सहकाराची मुळं किती खोल गेलीत ते सांगत होते. लावलाही तो ऐन उन्हात, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. वर मूठभर युरिया. "अशक्ताला ताकदीचं नको का?" म्हणे. आठवड्यात पानं करपली, तेव्हा टँकरचं प्यायचं पाणी हंड्याने ओतलं. मेव्हणीने त्या दिवशी अनुमोदन दिलं नाही.

"दाजी, शेंडे छाटा, कळ्या खुडा, खत बंद करा. वर सावली करा आन् निस्ती ओल राहू द्या," माझ्या बायकोने सांगितलं.

"कळ्यांना कात्री? सभेपुढं ठेवावं लागंल."

सभा बोलावली. सगळे सभासद जनावरांपाशी छावणीत, त्यामुळे ती तहकूब झाली. दुसऱ्या सभेलाही खुर्च्या रिकाम्याच. त्या खुर्च्यांपुढे ते बराच वेळ बसून राहिले, असं मेव्हणी सांगत होती.

पुढे आम्ही गेलो ते झाड मेलं असणार हे धरूनच. पाहतो तर मोगरा छाटून बोडका केलेला, आणि पश्चिमेच्या उन्हाला आडवा लावलेला संस्थेचा पत्र्याचा बोर्ड. त्यावर 'अध्यक्ष' आणि पुढे यांचं नाव. हा बोर्ड पुसायलासुद्धा ते कुणाला हात लावू देत नसत. बुडाशी एक हिरवा कोंब आला होता. साडू दुधाचा जुना कॅन तांब्याभर पाण्याने विसळत होते. ते पाणी त्यांनी जपून बुडाशी सोडलं.

"पाव्हणं, त्यात दूध कुठाय आता?" मी विचारलं.

"हळू बोला," ते कोंबाकडे बघत म्हणाले. "मला म्हाईत हाय. त्याला कशाला सांगायचं?"