थायलंडची मिरची लोधिवलीत

सकाळी कर्जतहून गाडी निघाली तेव्हा कन्या खिडकीला चिकटून बसली होती. कन्या हे तिचं थाई नावच; ती बँकॉकच्या एका मिरचीच्या सॉसच्या कंपनीतली अधिकारी. मी तिची दुभाषी, साताऱ्याहून आलेली. कंपनीने रसायनीजवळ कारखाना भाड्याने घेतला होता. दिवाळीत सॉस बाजारात आणायचा होता, आणि आज तो पहिल्यांदाच इथल्या एका घरात चाखला जाणार होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरं (बांध घातलेली भातशेतं) पिवळी पडत चालली होती. मागे माथेरानचा डोंगर. "आमच्याकडे असंच असतं, फक्त डोंगर नसतो!" कन्या म्हणाली. वाटेत चौक गावात वडापाव खाल्ला. त्यातली लसणाची चटणी तिने कागदावरून बोटाने पुसून खाल्ली आणि नाक लाल होईपर्यंत हसत राहिली.

लोधिवलीच्या सुनंदाताई कारखान्याचं कँटीन चालवतात. त्यांनीच आम्हाला जेवायला बोलावलं होतं. आत शिरताच कन्येला भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली. तिने तिथेच गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि पुटपुटू लागली, "फुत्थंग सरणंग खच्छामि..."

सुनंदाताईंच्या सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "अगं, ही तर आपलंच म्हनते!" पिठाचे हात जोडून त्या म्हणू लागल्या, "धम्मं सरणं गच्छामि." उच्चार निराळे, पण दोघी एकदमच शेवटाला पोचल्या. तिथे माझी गरजच उरली नव्हती.

मग सॉसचं खोकं उघडलं. मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी नमुन्याच्या बाटल्या लेबलं चिकटवून थेट इथे पाठवल्या होत्या. नवं लेबल कन्याही पहिल्यांदाच बघत होती. लाल मिरचीच्या वर बुद्धाचा चेहरा होता.

सुनंदाताईंनी बाटली उचलून निरखली. त्या म्हणाल्या, "ताई, बाटली रिकामी झाली की भंगारात जानार. कुनाच्या पायाखाली येनार. ह्ये बरं दिसतं का?"

मी इंग्रजीत सांगितलं. कन्येचा चेहरा उतरला होता. "आमच्या देशात असं कुणी छापणार नाही," ती म्हणाली. "जाहिरातवाल्यांना वाटलं, थायलंड म्हणजे बुद्ध, की झालं काम."

"आन आमाला कुनी इचारलंच नाय," सासूबाई म्हणाल्या.

सुनंदाताईंनी तपेल्यात पाणी आणलं. आम्ही बाटल्या भिजवल्या, लेबलं अलगद सोडवली आणि स्वच्छ ताटात वाळत ठेवली. मगच जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि सॉस.

सासूबाईंनी एक घास घेतला. "मुरांब्यात मिरची पडली की काय गं? गोडमिट्ट हाय नुसतं!"

मी घुटमळले. "जसंच्या तसं सांग," कन्या म्हणाली. मी सांगितलं, तर तिला हसू आवरेना. सुनंदाताईंनी मीठ-लसूण ठेचून सॉसमध्ये कालवलं, वर लिंबू पिळलं. आता मात्र वाटी पुसून निघाली. "हे चालंल," सासूबाई म्हणाल्या आणि कन्येच्या ताटात आणखी एक बोंबील टाकला.

अंगणात जाऊन कन्येने बँकॉकला फोन लावला. सगळ्या देशांत एकच चव आणि काहीही झालं तरी दिवाळीचा मुहूर्त, हा तिच्या साहेबांचा हट्ट होता. पलीकडचा चढलेला आवाज मला दारातून ऐकू येत होता. ती मात्र शांतपणे बोलत राहिली. "लेबल काढा आणि चव बदला, असं सांगितलं. मला परत बोलावतील बहुतेक," गाडीत बसताना ती म्हणाली.

कर्जत जवळ आलं तेव्हा तिचा मोबाइल वाजला. तिने संदेश वाचला आणि अशी किंचाळली की ड्रायव्हरने ब्रेकच मारला. साहेबांनी लिहिलं होतं, "लेबल रद्द. मुहूर्त पुढे ढकलला. पण एका घरावरून चव ठरवता येत नाही. उद्या कुणाकडे जेवायला जाणार आहेस?"

मी साताऱ्याचं जाणं पुढे ढकललं. खालापूर तालुक्यातली आणखी काही घरं जेवून झाल्यावरच घाट चढून घराकडे निघाले. नव्या देशात पाय ठेवणाऱ्या कंपनीला जमीन, परवाने, भांडवल सगळं मिळू शकतं. पण आपलं चुकतंय हे तोंडावर सांगणारी आणि सांगूनही जेवल्याशिवाय उठू न देणारी माणसं शोधावी लागतात. कन्येला ती पहिल्याच दारात भेटली होती.