कमरेइतक्या पाण्यात

ओल्या बोटाने मोबाइलवरचा व्हिडिओ थांबत नाही, हे मला सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभी राहिल्यावर कळलं. काठावर ठेवलेल्या मोबाइलमधला शिक्षक हसत सांगत होता, "मुलाला पाण्यावर उताणं झोपवा. पाठीखाली हात धरा. आता हात हळूच काढून घ्या." थांब मेल्या, म्हणत मी बोट दाबत राहिले आणि तो आपला पुढच्या धड्याला लागला. त्याचा मुलगा खोल पाण्यात हात मारू लागला. आम्ही मायलेकी अजून पायरीशीच.

"आई, आपण पुढे का जात नाही?" माझी सात वर्षांची मनू म्हणाली.

"पाणी गार आहे गं."

पाणी गार नव्हतं. मला पोहता येत नाही. धडे सगळे पाठ आहेत, पण पाठांतराने अंग तरंगत नाही. मुलांना आपण बहुतेक सगळं असंच शिकवतो. घाबरू नकोस म्हणतो, तेही जन्मभर घाबरत आलेल्या तोंडाने. जे आपल्याला कधी जमलं नाही, तेच त्यांना आपल्या हातून यायला हवं असतं. ते कुठून येणार?

मी पाठीखाली हात धरला आणि मनू उताणी झाली. तिचे कान पाण्याखाली गेले, तेव्हा मी हळूच म्हणाले, "मनू, तू खोल पाण्यात गेलीस ना, तर मला तुझ्यामागे येता येणार नाही."

तिला काहीच ऐकू आलं नाही. माझे हलणारे ओठ बघून ती हसली आणि अंग सैल सोडून तिने सगळा भार माझ्या हातावर टाकला.