तळच्या सात चिठ्ठ्या

“तुले कायले पाहिजे संभाव्यता? तुमचं तं सगळं निश्चितच असते.”

सर हे फळ्याकडे बघत म्हणाले. खडू माझ्या हातात होता. बारावी कॉमर्सचा वर्ग. पिशवीत पाच लाल चेंडू, तीन निळे. न बघता दोन काढले, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? मी उत्तर लिहिलं होतं, पाच छेद चौदा. बरोबर होतं. ते बरोबर आहे असं ते म्हणाले नाहीत.

“निश्चित घटनेची संभाव्यता किती?” त्यांनी वर्गाला विचारलं.

“एक,” सगळा वर्ग ओरडला.

“हे पाहा. इची स्कॉलरशिप एक. अ‍ॅडमिशन एक. नोकरी एक. आपण बसू चेंडू मोजत.”

वर्ग हसला. मीही हसले. हे सांगायची आजही लाज वाटते, पण हसले. मग खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. शेजारची मुलगी थोडी सरकून बसली. कानशिलं तापली होती आणि वहीतली अक्षरं दिसत नव्हती.

सर आमच्याच गावचे. तलावाच्या पारीला, त्या मातीच्या बांधाला, लागून त्यांची शेती. गावची वरची आळी त्यांची, खालची आमची बौद्धांची. तलावाखाली धानाची शेती असलेली घरं एकवीस, त्यांतली सात आमची. भादवा सरत आला, पाऊस थांबला, की धान नेमकं तेव्हाच निसवायला, लोंबी धरायला लागतं. मग पाण्याची पाळी लावतात. एका घराला एक दिवस. सोळाव्या दिवशी तलावातलं पाणी तुडुमाच्या खाली जातं. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं तोंड. त्यापुढच्या घरांचं धान उभ्या उभ्या वाळतं. लोंबी दिसते, आत दाणा नसतो.

कोणाची पाळी कधी, हे चिठ्ठ्यांवर ठरतं. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, देवळातल्या पितळी लोट्यात चिठ्ठ्या टाकतात. त्या काढायचं काम सरांकडे, तुडुमाची किल्लीही त्यांच्याकडेच. शिकलेला माणूस, त्यातून गणिताचा, त्यांच्यावर शंका कोण घेणार?

पहिला मान आमचा. देवळाच्या लोट्याला आमचे हात लागत नाहीत, म्हणून आम्ही ओट्याखाली उभे राहायचं आणि सात चिठ्ठ्या पळसाच्या पानावर ठेवायच्या. सर पान उचलून लोट्यात रिकामं करायचे. मग आम्ही मागे लिंबाखाली जायचं. त्यानंतर बाकीची चौदा घरं ओट्यावर चढून आपापल्या हातानं चिठ्ठी टाकायची. बाबांना याचा अभिमान होता. “पहिल्या चिठ्ठ्या आपल्या पडतेत,” ते पाहुण्यांनाही सांगायचे. मीही ऐकून खूश व्हायचे.

पुढच्या आठवड्यात सरांनीच घरचा अभ्यास दिला. गावातले कोणतेही आकडे गोळा करा आणि सरासरी काढा. कोणी उंची घेतली, कोणी गाईंचं दूध. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी पाण्याच्या पाळ्या घेतल्या. आमच्या सातही घरी गेले. पाळी कोणी विसरत नाही. सुकलेलं वर्ष माणसाला लग्नाच्या तारखेसारखं पाठ असतं. मागच्या पाच वर्षांचे पस्तीस आकडे मिळाले.

सरासरी आली सतरा.

एक ते एकवीस आकड्यांची सरासरी अकरा असते. माझी बेरीज चुकली असणार, म्हणून परत केली. सतराच. एखादं वर्ष नशीब वाईट असतं, मान्य. म्हणून एकच वर्ष घेतलं, मागचं. मागच्या वर्षी शेवटच्या सातही पाळ्या आमच्याच होत्या. एकवीसातून सात निवडायचे प्रकार किती, हे मला येत होतं, सरांनीच शिकवलं होतं. एक लाख सोळा हजार दोनशे ऐंशी. त्यांतला एकच प्रकार असा. तोच नेमका आमच्या वाट्याला आला होता.

मी पुस्तक उघडलं. आपली रीत चुकते कुठे, ते शोधत होते. तेव्हा दिसलं की प्रत्येक उदाहरणात एक वाक्य आहे. पिशवी चांगली हलवून. पत्ते नीट पिसून. ज्या वाक्यात आकडा नाही ते वाक्य मी कधी वाचतच नव्हते. वर्षभर ते सोडून पुढे गेले होते.

लोटा कधी कोणी हलवत नाही.

पहिल्यांदा पडलेल्या चिठ्ठ्या तळाशी बसतात. लोटा अरुंद. सर चिमटीनं वरची चिठ्ठी उचलतात. हाताच्या धक्क्यानं आमची एखादी चुकून वर येत असेल, तेवढीच. आणि हे गणिताच्या माणसाला माहीत नाही? मला राग यायला हवा होता. आधी भीती वाटली. हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही, याची.

वही दिली. सरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग मिटली. आवाज अजिबात चढला नाही. “आकडे चुकीचे आहेत. दुसरा विषय घे. वही माझ्यापाशी राहू दे.”

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीचा एक माणूस आमच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर उभा. बाबा आत निंदत होते. तो म्हणाला, “पोरगी लय घरोघर फिरून राहिली म्हणते. लक्ष ठेव गड्या, दिवस बरे नाही.” एवढं बोलून गेला. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

चिठ्ठ्यांच्या दिवशी मी बाबांबरोबर गेले. पान भरलं, पान रिकामं झालं. चौदा घरांच्या चिठ्ठ्या पडल्या. सरांनी बाही सावरली.

“सर, लोटा हलवा,” मी म्हणाले.

“काय?”

“हलवून मग काढा. तुम्हीच शिकवता.”

“हे कॉलेज नाही. जा तिकडं, लिंबाखाली.”

“चूप बस वो माय,” बाबा माझा दंड धरून पुटपुटले. मी तो सोडवला. ओट्याच्या चार पायऱ्या आहेत, मी त्या कधी चढले नव्हते. चढले. लोटा उचलला, तोंडावर तळहात ठेवला आणि हलवला. कागदांचा खुळखुळ आवाज झाला. तेवढाच आवाज होता. साठ-सत्तर माणसं बघत उभी होती.

सरांनी माझ्या हातून लोटा घेतला नाही. मी खाली ठेवेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “आज चिठ्ठ्या होत नाही.” तुडुमाची किल्ली खिशात घालून घरी निघून गेले.

आज सहावा दिवस. पाणी कोणालाच सुटलेलं नाही, आणि गावात सगळे म्हणतात ते माझ्यामुळे. चक्कीवाल्याचा पट्टा तुटला आहे, फक्त आमच्या आळीपुरता. एसटीतून उतरून घरी येताना एक मोटारसायकल माझ्या मागे येते. पुढे जात नाही. मी थांबले की थांबते. वर्गात माझा नंबर त्रेपन्न. सर बावन्ननंतर चौपन्न म्हणतात. मी “हजर” म्हणते. ते पुढचा नंबर घेतात.

आज दुपारी धुऱ्यावर आलेला तोच माणूस निरोप घेऊन घरी आला. उद्या सकाळी चिठ्ठ्या, पद्धत जुनीच. आणि आवाज खाली करून, “पोरीले घरी ठेवशीन तं तुले दुसरी पाळी.”

तो गेल्यावर बाबा उंबऱ्यात बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दुसरी पाळी आली तं आपल्या बांध्या वाचतेत. एका सकाळचाच तं प्रश्न आहे.”

आमचं धानही माझ्या डोळ्यांसमोर पिवळं पडत होतं. घरात वर्षभराचा तांदूळ तेवढाच.

माय चुलीपुढे होती. माय शाळेत गेलेली नाही. ती न वळताच म्हणाली, “चिठ्ठी निघाच्या पहिलेच दुसरी पाळी त्याले कशी माहीत?”

बाबांनी मान वर केली. माझ्या पस्तीस आकड्यांनी जे झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नानं झालं. ते उठले, चप्पल घातली आणि बाकीच्या सहा घरी सांगायला गेले. दोन घरं अजून घाबरलेली आहेत. त्यांना मी दोष देत नाही, मीही घाबरलेली आहे.

उद्या पळसाचं पान न्यायचं नाही. आमच्या चिठ्ठ्या आम्ही ओट्यावर चढून, आपल्या हातानं, सगळ्यांच्या नंतर टाकणार आणि लोटा मी हलवणार. प्रत्येक चिठ्ठीच्या आधी, एकवीस वेळा. हलवू दिला नाही तर मी सरळ पारीवर जाऊन तुडुमावर बसणार आहे, कोणालाच तो उघडू देणार नाही, मग मोटारसायकल एक येवो की दहा. वाळायचं असेल तर यंदा एकवीस घरांचं धान वाळेल.