साडूंची फ्लॅशमधली म्हैस

अख्ख्या जगानं फ्लॅशला पोचवून त्याचं तेरावंही उरकलं, तरी आमच्या थोरल्या साडूंनी अजून सुतक धरलेलं नाही. फ्लॅश म्हणजे वेबसाइटवरची चित्रं ज्याच्या जोरावर हलायची, बोलायची, ते जुनं तंत्र. मंगळवार पेठेत साडूंचा धंदाच तो होता, आणि जे हलत नाही ते मेलेलं, अशी त्यांची साधी श्रद्धा होती. लग्नपत्रिकेत ते गणपतीच्या उंदराला पळवत, नवरदेवाच्या मुंडावळ्या झुलवत. एका दूधवाल्याच्या वेबसाइटवर तर आधी डावीकडून म्हैस यायची, सावकाश रवंथ करायची, गिऱ्हाइकाकडं नीट बघून निघून जायची, आणि मगच फोन नंबर उमटायचा. मालक वैतागून म्हणाला, "म्हस जाईस्तोवर गिऱ्हाईक जातंय की वो!" साडू शांतपणे म्हणाले, "थांबंल त्येच खरं गिऱ्हाईक."

पुढं ब्राउझरांनी फ्लॅशला दारं लावली. धंदा बसला, साडू एका छापखान्यात नोकरीला लागले. पण जुना कॉम्प्युटर घरी आणून त्यांनी त्याला इंटरनेटपासून सोवळ्यात ठेवलं. "अपडेट झाला की बाटला," म्हणायचे. घरी कुणीही आलं की चहाआधी म्हैस. मी ती इतक्यांदा पाहिली आहे, की हल्ली ती मला ओळख देते असा भास होतो.

गेल्या दिवाळीत तो कॉम्प्युटर सुरूच होईना. मी गेलो तेव्हा साडू फराळाला हात न लावता बसलेले. "पावणं, समदं आतच ऱ्हायलं," एवढंच म्हणाले. पुण्याहून आलेली त्यांची मुलगी मात्र कामाला लागली. तिनं आतली हार्ड डिस्क काढून फायली आपल्या लॅपटॉपवर घेतल्या, जुनं फ्लॅश चालवणारा कुठला तरी नवा प्रोग्रॅम शोधला, आणि काय सांगावं, डावीकडून म्हैस आली! साडूंनी चष्मा पुसून पाहिलं. पोरीला शाबासकी द्यायची सोडून म्हणाले, "शेपटी जरा उशिरा हलतीया."

मग तिनं सहज आणखी एक फाईल उघडली. पडद्यावर मुळाक्षरं नाचत आली आणि एक बोबडा आवाज ओरडला, "ख खताल्याचा!" मुलगी खो खो हसली, आणि एकदम थांबली.

"पप्पा, ही मी?"

"व्हय. तुला शिकवाय करत हुतो. खटारा नीट म्हणाय लागलीस की आवाज परत भरायचा हुता. ऱ्हाऊनच गेलं."

ती वडिलांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. साडू पडद्याकडंच बघत होते. थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बरं झालं ऱ्हायलं."