पाच पंप, एक चौकट

गणपतीच्या दिव्यांची माळ तापली की तिच्या प्लास्टिकच्या वासासरशी मला कोलशेतचं नव्वदच्या दशकातलं ऑफिस आठवतं. कारखान्यातले पंप चालू-बंद करणारा प्रोग्रॅम आम्ही कॉम्प्युटरवर चौकोन मांडून, रेघांनी जोडून बनवायचो. प्रत्येक पंपाला तेच चौकोन, त्याच रेघा, नुसता गुंता! दुपारी गिऱ्हाईक येणार होतं आणि पाचातल्या एकाच पंपाचं काम झालेलं. मी वैतागून त्याचा सगळा पसारा एका चौकटीत कोंबला आणि तीच चौकट आणखी चारदा उमटवली. "अगं, असं जमतं?" शेजारचा सहकारी उठलाच! चाचणीसाठी पंपांच्या जागी आम्ही ऑफिसच्या गणपतीच्या माळेतले पाच दिवे जोडलेले. मी पहिलं बटण दाबलं, तर पाचही पेटले. "कर आता आरती!" तो ओरडला. पहिल्या बटणाची रेघ चौकटीच्या आतच राहून तिच्यासोबत उमटलेली, म्हणून पाचही चौकटी पहिल्याच बटणाचं ऐकत होत्या. ती रेघ बाहेर काढून प्रत्येकीला आपापलं बटण दिलं. जिन्यात गिऱ्हाइकाची पावलं वाजली, मी तिसरं दाबलं आणि फक्त तिसराच दिवा लागला! आम्ही दोघं अक्षरशः नाचलो. परवा घरी माळ लावली, सगळे दिवे एकदम पेटले. घरचे सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझा हात बटण बंद करायला धावला.